मार्केट यार्डातली खतावणी हास्केलमध्ये: आयओ कुठवर येऊ द्यायचा?

कीर्दवाला

मामांचा पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात गाळा आहे. हिशोबाचा जुना प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर चालायचा त्याने राम म्हटला, आणि नवा लिहायचं काम भाच्याकडे आलं. दिवसा हिंजवडीत जावा लिहितो, हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा हौसेने शिकलोय. म्हटलं इथेच वापरून बघू. कीर्दीत एकदा लिहिलेली ओळ कुणी खोडत नाही, चुकली तर उलट नोंद करतात. आणि खतावणी म्हणजे कीर्दीवर चालवलेला फोल्डच, एकेक ओळ घेत पुढे नेलेली गोळाबेरीज. शुद्ध फंक्शनला (तेच दिलं की तेच उत्तर, बाहेर कशाला हात नाही) याहून सोयीचं काम मिळायचं नाही.

शेतकऱ्याचा माल येतो, दहा किलोच्या भावाने विकला जातो, रकमेतून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा होतं आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद, निघते. पट्टीचं फंक्शन आधी सरळ होतं: माल द्या, भाव द्या, पट्टी घ्या. मग पट्टीवर आजची तारीख हवी झाली. मग पट्टी क्रमांक. मग हमालीचे दर फाइलमधून. आता त्या फंक्शनच्या टाइपमध्ये (काय घेतं, काय देतं त्या वर्णनात) आयओ, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण होते याची खूण, आलाय, त्याला बोलावणाऱ्याच्या टाइपमध्ये आलाय, असं करत मेनपर्यंत, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथपर्यंत, सगळीकडे आयओच आयओ. मग जावात काय वाईट होतं?

दुसरं, वर्षभराची कीर्द वाचून सगळ्या खात्यांच्या बाक्या काढताना मेमरी फुगत जाते. एवढा डेटाच नाहीये.

तिसरं, नियम बदलतात. २०१६ मध्ये कांदा-बटाट्याची आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणं बंद होऊन खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. उद्या असंच काही झालं तर जुन्या पट्ट्या जुन्या नियमाने, नव्या नव्या नियमाने, हे कोडमध्ये कुठे ठेवायचं?

मोनाड म्हणजे काय हे कृपया कुणी समजावू नका. ते वाचून झालंय.

हडपसरी

पायथन, एसक्यूलाइटचा डेटाबेस, दोन रविवार. विषय संपला. उद्या तू ऑनसाइट गेलास की मामा कोणाला फोन करणार?

तिरपा कंस

हडपसरींचा शेवटचा प्रश्न खरा आहे, त्यावर नंतर येऊ. आधी आयओ.

तारीख, क्रमांक आणि दर या तिन्ही गोष्टी पट्टीच्या फंक्शनने *आणायच्या* नाहीयेत, त्याला फक्त *लागतात*. लागणारी गोष्ट आर्ग्युमेंट म्हणून द्यायची. नियम → तारीख → क्रमांक → माल → पट्टी, असा टाइप. घड्याळ बघणं, फाइल उघडणं हे सगळं मेनच्या जवळ एकदाच. टाइप लांब दिसतो म्हणून लोक कंटाळतात, पण त्या लांबीतच फायदा आहे: ३१ मार्चच्या रात्रीची आणि १ एप्रिलच्या सकाळची पट्टी तुला आज दुपारी बसून तपासता येते, कॉम्प्युटरचं घड्याळ न फिरवता.

दुसऱ्या टोकाला, फंक्शनने काही *करायचं* नाही, काय करायचं ते सांगायचं. ‘पट्टी छाप’, ‘कीर्दीत ही ओळ लिही’, ‘शेतकऱ्याला एसएमएस पाठव’ अशा कृतींचा एक डेटा टाइप कर. शुद्ध फंक्शन त्यांची यादी परत करेल. ती यादी वाचून खरंच छापणारा एक छोटा भाग बाहेर ठेव. तो दहा-वीस ओळींचा असतो आणि इतका बाळबोध की त्यात चूक व्हायला जागाच नसते.

हे काही नवीन नाही. हास्केलमध्ये मोनाडी आयओ (एका कृतीचं उत्तर पुढचीला देत कृती जोडायची रीत) यायच्या आधी, म्हणजे १९९६ च्या १.३ आवृत्तीपर्यंत, प्रोग्राम म्हणजे उत्तरांची यादी घेऊन विनंत्यांची यादी देणारं फंक्शन असे. संगणकशास्त्रज्ञ यूजेनियो मोजींनी १९८९ च्या सुमारास मोनाडची कल्पना प्रोग्रामच्या अर्थाच्या अभ्यासासाठी मांडली, फिलिप वॉडलर यांनी ती प्रोग्रामरच्या हातात आणून दिली, आणि मग ते विनंत्या-उत्तरांचं लचांड सुटलं. पण फक्त ‘बाहेर काय करायचं’ एवढ्यापुरतं ते जुनं वळण अजून उत्तम आहे.

गारवा

तिरपा कंस, तुमचं म्हणणं निम्मं पटलं. निर्णय आधी आणि कृती नंतर असं सरळ असतं तोवर यादी चालते. पण पट्टी क्रमांकाचंच घ्या. गाळ्यात दोन कॉम्प्युटर असतील आणि दोन मुनीम एकाच वेळी पट्टी करत असतील, तर क्रमांक डेटाबेसकडून घ्यावा लागणार. तो मिळाल्यावर पुढे काय करायचं ते ठरणार. म्हणजे कृती, मग निर्णय, मग कृती. इथे तुमची यादी पुरत नाही. तिच्यात ‘उत्तर आलं की पुढे हे’ असं फंक्शन ठेवावं लागतं, आणि तसं केलंत की तुम्ही फ्री मोनाड (डेटा म्हणून लिहिलेली कृतींची साखळी) हातानेच लिहिलेला असतो.

मग पर्यायांची जत्रा सुरू होते. मोनाड ट्रान्सफॉर्मर (एकेक सोय वाढवणारे थर) एकावर एक रचायचे, एमटीएल लायब्ररीसारखे क्लास लावायचे, फ्री मोनाड, नाहीतर इफेक्टची (बाहेरच्या जगावरच्या कृतींची) एखादी लायब्ररी. मी हे सगळं कामावर पाहिलंय. ट्रान्सफॉर्मरची गोची अशी की प्रत्येक नव्या थराला प्रत्येक जुन्या क्लासचा इन्स्टन्स द्यावा लागतो, आणि थरांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो. आयओवर स्टेट-टी (बदलती स्थिती सांभाळणारा थर) चढवलं आणि मध्ये एक्सेप्शन उडालं, तर बाहेर पकडेपर्यंत मधली सगळी स्टेट गेलेली असते. हिशोबाच्या प्रोग्राममध्ये हे परवडेल का?

माझं मत: एवढ्या कामाला इफेक्टची लायब्ररी नको. एक साधं रेकॉर्ड कर, त्यात फंक्शन्स ठेव: ‘पुढचा क्रमांक दे’, ‘नोंद लिही’, ‘छाप’. खरं रेकॉर्ड डेटाबेसशी बोलेल, चाचणीतलं मेमरीतल्या यादीशी. आणि हे रेकॉर्ड फक्त वरच्या पाच-सात फंक्शन्सना दे. पट्टीच्या आकडेमोडीला ते दिसताही कामा नये.

कीर्दवाला

@गारवा, दोन कॉम्प्युटर आहेतच. एसटीएमने (एकाच वेळी चालणाऱ्या भागांना सामायिक मेमरी सुरक्षित बदलू देणारी हास्केलची सोय) काम होईल असं मनात होतं.

गारवा

नाही. एसटीएम एका प्रोसेसच्या आत चालतं. थ्रेड दोन असले तर झकास, मशीन दोन असली तर त्याचा उपयोग नाही. २००५ चा त्यावरचा मूळ पेपर जरूर वाच, दोन व्यवहार जोडून एक करता येणं ही कल्पना फार देखणी आहे. पण तुझा क्रमांक पोस्टग्रेस डेटाबेसच्या सिक्वेन्सला (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीला) देऊ दे. आणि सिक्वेन्समध्ये मधले क्रमांक गळू शकतात, व्यवहार रद्द झाला तरी क्रमांक परत येत नाही. मामांना सलग क्रमांक लागत असतील तर वेगळं टेबल करून त्यावर लॉक घे.

आळसाचा पुतळा

मेमरीचा प्रश्न माझ्या आवडीचा. कीर्दवाले, तुम्ही फोल्ड-एल (हास्केलचा साधा फोल्ड) आणि साधा डेटा.मॅप (किल्ली देऊन किंमत शोधायचा तक्ता) वापरताय ना? हास्केल आळशी आहे, उत्तर लागेपर्यंत गणित करत नाही. शून्य अधिक पाचशे अधिक दोनशे वजा साडेतीनशे... ही बेरीज कुणी केलेलीच नाही. प्रत्येक खात्यापुढे ‘कधीतरी करायच्या बेरजेची’ चिठ्ठी लटकत असते, आणि वर्षभराच्या नोंदी संपेपर्यंत ती वाढत जाते. छापायला घेतल्यावर सगळी एकदम उलगडते. इंग्रजीत याला थंक म्हणतात.

फोल्ड-एल-प्राइम वापरा (२०२४ च्या जीएचसी कम्पायलर ९.१० पासून तो प्रिल्यूड या आपोआप मिळणाऱ्या लायब्ररीतच असतो, वेगळा इम्पोर्ट लागत नाही) आणि डेटा.मॅप.स्ट्रिक्ट घ्या. हे कडक, म्हणजे गणित तिथल्या तिथे उरकणारे. दोन्ही पाहिजेत. नुसता फोल्ड-एल-प्राइम मॅपच्या सांगाड्यापुरता कडक असतो, आतल्या रकमा तशाच आळशी राहतात.

कीर्दवाला

दोन्ही केलं. फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. प्रत्येक खात्यासाठी मी (नावे, जमा, शेवटची तारीख) असं त्रिकूट ठेवतो.

आळसाचा पुतळा

मग तेच! स्ट्रिक्ट मॅप किंमत उलगडतो ती फक्त वरच्या कन्स्ट्रक्टरपर्यंत. त्रिकूट आहे एवढं कळलं की तो थांबतो, आतल्या तीन जागी चिठ्ठ्या तशाच. त्रिकूट काढा, स्वतःचा डेटा टाइप करा आणि प्रत्येक फील्डवर उद्गारचिन्ह द्या, म्हणजे ते कडक होतं. किंवा फाइलच्या डोक्यावर स्ट्रिक्ट-डेटा एक्स्टेन्शन (भाषेची जादा सोय) लावून मोकळे व्हा. माझा नियम: हिशोब साठवणारं प्रत्येक फील्ड कडक, यादीवरून चालणारा प्रवाह आळशी.

अजून एक छुपी जागा. दिवसाचा सरासरी भाव काढताना बेरीज भागिले संख्या असं लिहिलं असेल, तर बेरीज करताना यादी मेमरीतून सुटत नाही, कारण संख्या मोजणारा अजून तिच्या डोक्याला धरून बसलेला असतो. दोन्ही एकाच फेरीत मोजा.

आणि हो, ऑप्टिमायझर लावून कम्पाइल केल्यावर यातलं बरंच काही आपोआप बरं होतं. त्यामुळे जीएचसीआयमध्ये (कम्पाइल न करता कोड चालवून बघायच्या सोयीत) दिसणारा फुगवटा बायनरीत दिसत नाही, लोक निर्धास्त होतात, आणि पुढे एक ओळ बदलली की तो परत येतो. अंदाजाने उद्गारचिन्हं पेरत बसू नका, हीप प्रोफाइल (मेमरी कशात गेली याचा आलेख) काढून बघा.

फाइलबद्दल पण सावध राहा. साध्या रीड-फाइलने कीर्द उघडून तिच्यातच नवी ओळ लिहायला गेलात तर ‘फाइल लॉक्ड’ असा एरर येईल, कारण वाचन आळशी आहे आणि ते संपलेलंच नसतं. टेक्स्टच्या लायब्ररीतलं कडक वाचन वापरा.

हडपसरी

म्हणजे बेरीज करा असं सांगितल्यावर बेरीज होईल याची खात्री नाही, आणि याला प्रगत भाषा म्हणायचं.

जुना पंच

निवृत्त माणूस आहे, पंचकार्डांच्या काळापासून हा धंदा पाहिलाय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

हडपसरी, तुमची चेष्टा रास्त आहे आणि ती हास्केलवाल्यांनी स्वतःच केलेली आहे. भाषेच्या इतिहासावरचा त्यांचा २००७ चा लेख आहे, त्यात आळशीपणाच्या किमतीबद्दल आडपडदा नाही. १९८७ मध्ये समिती बसली ती आळशी भाषांची खिचडी एक करायला. पुढे ध्यानात आलं की आळशीपणाचा खरा उपकार वेगळाच होता: कोणती ओळ कधी चालेल हे सांगता येत नसल्याने मध्येच छापायची किंवा चल (व्हेरिएबल) बदलायची सोयच उरली नाही, आणि भाषेला शुद्ध राहणं भाग पडलं. प्युअरस्क्रिप्ट आणि इड्रिस या नंतरच्या भाषा पाहा. दोन्ही शुद्ध, दोन्ही आळशी नाहीत. तो धडा त्यांना आयता मिळाला.

हास्केल समितीतल्या जॉन ह्यूज यांनी १९८९ च्या निबंधात आळशीपणाची बाजू मांडली ती सुटे भाग जोडण्याच्या अंगाने. शक्यता निर्माण करणारा एक भाग, त्यातून निवडणारा दुसरा, आणि पहिल्याने कुठे थांबायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. खतावणीत याचा उपयोग कमीच. पण कीर्दवाला, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तोच आहे.

तू म्हणतोस खतावणी म्हणजे कीर्दीवरचा फोल्ड. बरोबर. पण कीर्दीत तू काय लिहितोस? ‘अमुक गोण्या, अमुक भाव’ एवढंच लिहून हमाली-तोलाई दर वेळी फंक्शनने नव्याने काढणार असशील, तर ज्या दिवशी फंक्शन सुधारशील त्या दिवशी मागच्या पाच वर्षांच्या पट्ट्या बदलतील. पैसे देऊन झालेले, शेतकऱ्याच्या हातात कागद गेलेला, आणि तुझा प्रोग्राम वेगळाच आकडा दाखवतोय. फंक्शन शुद्ध आहे, उत्तर चुकीचं आहे.

ताळेबंद

जुना पंच यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी कोडिंगवाली नाही, सदाशिव पेठेत ऑडिटचं काम करते, मुलाने हा धागा दाखवला.

कीर्दीत घडलेलं लिहितात, नंतर हिशोब करून काढू म्हणून सोडत नाहीत. हमाली इतके रुपये *कापली* हे घडलेलं आहे. तो आकडा नोंदीतच पाहिजे. चुकीचा कापला गेला असेल तर दुरुस्तीची नवी नोंद, आजच्या तारखेने. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणारं आणि तो बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. तुमच्या मामांची फर्म एकट्याच्या मालकीची असेल तर तो नियम लागू नाही, पण सवय चांगली. आणि दर वेळी पहिल्या दिवसापासून बेरीज कशाला? ३१ मार्चला खाती बंद होतात, १ एप्रिलला आरंभीची शिल्लक येते. तिथून पुढे मोजा.

तिरपा कंस

ताळेबंद, तुम्ही ज्याला आरंभीची शिल्लक म्हणता त्याला आमच्याकडे स्नॅपशॉट म्हणतात आणि त्यावर दोन-दोन तासांची भाषणं होतात. :)

कीर्दवाला, म्हणजे नियमांचं उत्तर असं होतं: नियम हा कोड नसून डेटा. ‘या तारखेपासून लागू’ ही किल्ली असलेला मॅप ठेव, आणि तारीख देऊन त्याच दिवसाचा किंवा तिच्याआधीचा सगळ्यात जवळचा नियम शोध. डेटा.मॅपमध्ये लुकअप-एल-ई नेमकं हेच करतं. आडत कोणाकडून, हे नियमातलं एक फील्ड. नियम *नवी* पट्टी काढताना वापरायचा, जुनी पट्टी वाचताना त्याला हात लावायचा नाही.

गारवा

आणि जुनी स्थिती फुकट मिळते हे विसरू नका. मॅप आतून झाडासारखा असतो. त्यात एक नोंद घातली की सगळा मॅप परत लिहिला जात नाही, मुळापासून त्या पानापर्यंतच्या गाठी तेवढ्या नव्या होतात. लाखभर खाती असली तरी त्या वीस-पंचवीसच्या आसपास. बाकी सगळं जुन्या-नव्यात सामायिक. दिवाळीच्या दिवशीची खतावणी हाताशी ठेवायची तर ठेवा, फार काही पडत नाही.

नवखी सातारकर

एक भाबडा प्रश्न. रक्कम डबलमध्ये (अपूर्णांकांचा टाइप) ठेवली तर चालेल का?

आळसाचा पुतळा

अजिबात नाही. शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट दोन करून बघा, नेमकं शून्य पॉइंट तीन येत नाही. पैसे पूर्णांकात, आणि त्याला न्यूटाइपमध्ये (जुन्या टाइपवर घातलेलं नवं वेष्टण) गुंडाळा, म्हणजे पैशात किलो मिसळायला गेलात की कम्पायलर हात धरेल. चालताना त्या न्यूटाइपचा काही खर्च पडत नाही.

पण पूर्णांक घेतले की वाटणीचा प्रश्न येतो. एका गाडीत तीन शेतकऱ्यांचा सारखा माल, भाडं हजार रुपये. प्रत्येकी ३३३ रुपये ३३ पैसे, बेरीज ९९९.९९. उरलेला पैसा कोणाचा? आधी सगळ्यांना खाली ओढून द्या, मग उरलेले पैसे ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना एकेक. याची चाचणी ठरावीक उदाहरणांवर करू नका, क्विकचेक या चाचणीच्या लायब्ररीला द्या. क्लेसन आणि ह्यूज यांचं हे साधन २००० सालचं आहे, आणि शुद्ध फंक्शन लिहिण्याचं मला विचाराल तर निम्मं कारण तेच. दोन गुणधर्म सांगा: वाट्यांची बेरीज भाड्याएवढी, आणि कोणाचाही वाटा खऱ्या वाट्यापासून पैशाहून जास्त लांब नाही. मग ते शेकडो गाड्या स्वतः बनवून बघतं.

कीर्दवाला

लावलं. पहिल्या फटक्यात शून्य गोण्यांची गाडी काढून दाखवली, भागाकार मेला. मामा म्हणाले, रिकामी गाडी कशाला येईल? मग आठवून म्हणाले, सगळा माल सडका निघाला तर उतरवूनच घेत नाहीत, पण भाडं द्यावं लागतं. ते कोणाच्या नावे टाकायचं यावर आता घरात चर्चा चालू आहे.

नवखी सातारकर

शेतकऱ्यांची नावं मराठीतच ठेवणार ना? त्यात काही अडचण?

तिरपा कंस

भरपूर! साधी स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी. ६४ बिटच्या मशीनवर प्रत्येक कडीला २४ बाइट. इंग्रजी अक्षरं जीएचसी एका तयार तक्त्यातून सामायिक वापरतो, देवनागरीला ती सवलत नाही, तिथे अक्षराचे आणखी १६. म्हणजे काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाला ४० बाइट. टेक्स्ट वापरलं तर तेच चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) ३ बाइटांत बसतं (टेक्स्ट २.० पासून, त्याआधी यूटीएफ-१६ होतं, तिथे २). त्यामुळे स्ट्रिंग नकोच.

याहून छळणारी गोष्ट म्हणजे ‘बऱ्हाटे’. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागे न दिसणारा जोडकारक. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. एकाच माणसाची दोन खाती तयार होतील. नावाचा वेगळा टाइप करा, त्याचा कन्स्ट्रक्टर (किंमत बनवायचं साधन) बाहेर देऊ नका, आणि तो बनवणाऱ्या एकमेव फंक्शनमध्ये हे सगळं एका रूपात आणा. एकदा आत आलेलं नाव शुद्धच आहे असं मग बाकी कोड धरून चालू शकतो.

क्रमवारीत ‘ळ’ सुद्धा बघून घ्या. युनिकोडमध्ये तो ल च्या मागोमाग आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. त्यासाठी आयसीयूसारखी, भाषेचा क्रम जाणणारी लायब्ररी लागेल.

हडपसरी

ळ चा मुद्दा पायथनलाही लागू आहे, तेवढं मान्य. पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे. मामा कोणाला फोन करणार?

गारवा

पुण्यात हास्केलवाला शोधणं अवघड आहे, खोटं कशाला बोला. देशात अगदीच कोणी नाही असंही नाही. बंगळुरूच्या नम्मा यात्री या रिक्षा-ॲपचा बॅकएंड हास्केलमध्ये आहे आणि कोड खुला आहे, उघडून बघता येतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा हास्केलवरचा एनपीटीईएलचा (ऑनलाइन) कोर्स आहे, त्यातून शिकलेली पोरं भेटतात. पण कीर्दवाला, निदान एवढं कर: टाइप लेव्हलच्या करामती नकोत, एक्स्टेन्शन मोजकी, ऑपरेटर स्वतःचे बनवायचे नाहीत. जावावाल्याला बसून वाचता आलं पाहिजे. आणि कीर्द साध्या टेबलात ठेव. प्रोग्राम गेला तरी डेटा कोणालाही वाचता यावा.

जुना पंच

रेकॉर्डची फील्डं ‘पट्टीरक्कम’, ‘बिलरक्कम’ अशी उपसर्ग लावून लिहिली असशील तर उपसर्ग काढ आणि जीएचसी ९.२ पासूनचं टिंबवालं एक्स्टेन्शन घे, एकाच फाइलीत असतील तर डुप्लिकेट-रेकॉर्ड-फील्ड्सही. मोजक्यांत ते बसतं.

कीर्दवाला

सगळ्यांचे आभार. सध्याची मांडणी: आकडेमोड पूर्ण शुद्ध, वर गारवांचं रेकॉर्ड, कापलेल्या रकमा नोंदीतच, नियम तारखेच्या मॅपमध्ये. मेमरी आता जागच्या जागी आहे. हडपसरी, धाकटा मामेभाऊ अकरावीत आहे, त्याला बसवतोय शिकायला. त्याला अजून पायथनही येत नाही, त्यामुळे हा जगावेगळा प्रकार आहे हे त्याला कळलेलं नाही.

एकच अडचण उरलीय. मामांना पट्टी जुन्या डॉट मॅट्रिक्सवरच छापायची आहे, कार्बन कॉपी निघते म्हणून. मराठी मजकूर पाठवला की प्रिंटर भलतीच चिन्हं काढतो.

हडपसरी

त्याला यूटीएफ-८ कळत नाही. पानाचं चित्र तयार करून ग्राफिक्स मोडमध्ये पाठव. हळू छापेल आणि आवाज करेल, पण छापेल. त्यात तुझी भाषा कुठलीही असली तरी फरक पडत नाही.

कीर्दवाला

@हडपसरी, रविवारी गाळ्यावर येता का? प्रिंटर दाखवतो.

हडपसरी

शनिवारी. रविवारी यार्डात पाय ठेवायला जागा नसते.